बालवाडीतून न्यूझीलंडला: कागद, नोंदणी आणि चिखल

"माझं मॉन्टेसरी झालंय, बारा वर्षं नर्सरीला शिकवतेय. न्यूझीलंडला नोकरी मिळेल का?" हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्याकडे येतो. कधी जुन्या शाळेतल्या ताईंकडून, कधी मावसबहिणीच्या जावेकडून. मी पुण्यात शिशुवर्ग सांभाळून न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आले, म्हणून लोक मला विचारतात, आणि सांगायला बसलं की तासभर फोन खाली ठेवता येत नाही. तोच फोन इथे लिहून काढतेय.

बारा वर्षांच्या अनुभवाला इथे किंमत आहे, पण ती आत शिरल्यावर. दार उघडतो तो कागद. कुठला कागद चालतो आणि कुठला नाही, हे पैसे भरण्याआधी कळायला हवं. मला ते पैसे भरल्यावर कळलं.

न्यूझीलंडमध्ये रोजच्या बोलण्यात बालकेंद्रातल्या सगळ्याच मोठ्या माणसांना टीचर म्हणतात. सरकारी हिशोबात मात्र टीचर म्हणजे 'टीचिंग काउन्सिल'कडे नोंदणी झालेली आणि शिकवण्याचं चालू प्रमाणपत्र हातात असलेली व्यक्ती. दीड वर्षाच्या बाळाला भरवणारी बाई आणि बारावीच्या वयाच्या पोरांना गणित शिकवणारा मास्तर, दोघांची नोंद एकाच वहीत. हे आपल्याकडच्या मनाला पटकन पटत नाही. आपल्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची आणि खासगी नर्सरी जिची तिची. न्यूझीलंडमध्येही पूर्वी पाळणाघरं समाजकल्याण खात्याकडे आणि किंडरगार्टन शिक्षण खात्याकडे अशी फाळणी होती. १९८६ साली पाळणाघरंही शिक्षण खात्याकडे आली. बाळाला सांभाळणं आणि बाळाला शिकवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, असं सरकारनेच त्या वर्षी मान्य केलं. नोंदणी, पदवी, पगाराची पायरी हे पुढचं सगळं त्या निर्णयाला धरून आलेलं आहे.

केंद्र चालवणाऱ्याच्या बाजूनेही हे बघा. दोन वर्षांखालच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं, त्याहून मोठ्या मुलांच्या गटात साधारण दहांमागे एक. आणि नियमाने जेवढी माणसं लागतात, त्यांतल्या किमान निम्म्यांकडे मान्यता असलेली शिक्षक-पात्रता हवी. प्रमाणपत्र असलेल्या शिक्षिका किती, यावर केंद्राला मिळणारं सरकारी अनुदानही कमीजास्त होतं. मुलाखत घेणारी बाई तुमचा अर्ज हातात घेते, तेव्हा 'या शिकवतात कशा' याच्या आधी तिला एक गोष्ट पाहावी लागते: या मोजणीत बसतात का?

आपले कागद कुठल्या पायरीवर बसतात

परदेशातली पदवी इथे कुठल्या पातळीची धरायची, हे 'एनझेडक्यूए' ही सरकारी संस्था ठरवते. तिच्या मोजपट्टीवर पदवी म्हणजे पातळी ७, आणि नोंदणीसाठी शिक्षक-प्रशिक्षण या पातळीचं लागतं. त्यात प्रत्यक्ष वर्गावरचा, देखरेखीखालचा सरावपाठही असावा लागतो.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. वर्षभराचा मॉन्टेसरी डिप्लोमा, नर्सरी टीचर ट्रेनिंग, बालवाडी शिक्षिका अभ्यासक्रम: शिकायला छान, पण पदवीच्या पातळीचे नाहीत. सोबत बी.ए. किंवा बी.कॉम. असली तरी दोन्ही मिळून एक शिक्षक-पदवी होत नाही, कारण पदवी इतिहासाची किंवा हिशोबाची असते आणि शिक्षणाचा भाग डिप्लोम्यात असतो. बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डी.एड.ची अडचणही पातळीचीच. बी.एड. पदवीनंतरचं असल्याने पातळीत बसण्याची शक्यता चांगली, पण ते बहुतेक वेळा मोठ्या मुलांच्या विषयशिक्षकासाठी आखलेलं असतं. तेव्हा बालकेंद्राच्या मोजणीत ते कसं धरलं जाईल, हे काउन्सिलला आणि नोकरी देणाऱ्या केंद्राला आधी लेखी विचारून घ्या.

मला एका संस्थेत प्रवेश घेताना सांगितलं होतं की हा डिप्लोमा "जगभर चालतो". मी विश्वास ठेवला, आणि त्यासाठी आईच्या बांगड्या मोडल्या. डिप्लोमा जगभर चालत नाही. तो शिकवायला शिकवतो, आणि त्याबद्दल मी त्या वर्गातल्या बाईंची कायम ऋणी आहे, पण नोंदणीच्या टेबलावर त्याने काही हललं नाही. कुणी "इंटरनॅशनल" असा शब्द वापरला, तर एकच विचारा: कुठल्या देशातल्या कुठल्या नोंदणी-मंडळाने मान्य केलाय? नाव सांगता आलं नाही, तर उठून या.

ज्यांचा कागद बसत नाही त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी बायका त्याच रस्त्याने आल्या. कुठल्याही विषयाची पदवी असेल, तर इथे एका वर्षाचा 'ग्रॅज्युएट डिप्लोमा इन टीचिंग' बालशिक्षणात करता येतो. त्यात केंद्रांमध्ये जाऊन आठवडेच्या आठवडे सराव करावा लागतो, आणि तो पूर्ण झाला की नोंदणीचं दार उघडतं. खर्च मोठा आहे, कारण परदेशी विद्यार्थ्याची फी भरावी लागते. पण बारा हजार किलोमीटर लांबून कागद जुळवत बसण्यापेक्षा हा रस्ता सरळ आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या, काम करायची मुभा असलेल्या काही जणी आधी बदली कर्मचारी म्हणून केंद्रात कामाला लागतात. इथे त्यांना 'रिलीव्हर' म्हणतात. बाळांचं काम आपल्याला झेपतंय का हे बघून मग त्या शिकायला जातात. मला हा क्रम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पैसे खर्च होण्याआधी कंबर आणि मन दोन्हीची परीक्षा होते.

नावाचा घोळ

पदवीचं मूल्यांकन, मग काउन्सिलकडे नोंदणीचा अर्ज, इंग्रजीचा पुरावा, पोलिसांचा दाखला. हा क्रम सगळ्यांनाच लागू आहे. भारतातला पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. मधली काही वर्षं दुबईत किंवा सिंगापूरला काढली असतील, तर तिथलाही दाखला लागू शकतो, आणि देश सोडल्यावर तो मिळवणं जिकिरीचं होतं. यात समजावण्यासारखं फार नाही, चिकाटी लागते.

पण एका जागी आपल्याकडच्या बायका हमखास अडकतात, म्हणून तिथे थांबते. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आपलं आणि नवऱ्याचं नाव एका रकान्यात, सासरचं आडनाव दुसऱ्या रकान्यात. बँकेत तिसराच प्रकार. लग्नात नाव बदललं असेल तर पहिलं नावही जुळत नाही. इथल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर 'कुलकर्णी मंजिरी अरविंद' आणि 'मेघना सुहास देशमुख' अशा दोन व्यक्ती जाऊन बसतात. या दोघी एकच आहेत हे त्याला कुणी सांगायचं?

विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र या तिन्हींचा गठ्ठा अर्जाच्या आधी तयार ठेवा. देवळात किंवा कार्यालयात लग्न लागलं आणि नोंदणी राहून गेली, अशी कितीतरी घरं आहेत. तो दाखला गावी असतानाच काढा, इथून काढायचा म्हटलं तर भावाला चार खेटे घालावे लागतात. विद्यापीठाकडून पदवी प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका घ्याच, शिवाय कॉलेजकडून सरावपाठाचं पत्रही घ्या: किती दिवस, कुठल्या वयाची मुलं, कुणाच्या देखरेखीखाली. हे पत्र कुणी आपण होऊन देत नाही, मागावं लागतं. आणि कॉलेज बंद पडलं तर मागायलाही कुणी उरत नाही.

व्हिसा आणि पैसे मागणारे

बालशिक्षिकेचा पेशा न्यूझीलंडच्या 'ग्रीन लिस्ट'मध्ये, म्हणजे ज्या कामांना माणसं कमी पडतात त्यांच्या यादीत आहे. त्यामुळे पुढे कायम राहण्याचा मार्ग सोपा होतो, पण त्यासाठीही आधी नोंदणी हवी. यादीतल्या अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर जे लिहिलंय तेच खरं धरा, माझ्यासारखीच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. कामाच्या व्हिसासाठी नोकरी देणाराही सरकारमान्य असावा लागतो.

दोन कायदे मात्र पाठ करून ठेवा. पहिला: नोकरी देण्याच्या बदल्यात कामगाराकडून पैसे घेणं न्यूझीलंडमध्ये बेकायदा आहे. 'नोकरीपत्राचे इतके लाख' असं कुणी म्हणालं, तर तो माणूस नोकरी देत नाहीये, तुमची फसवणूक करतोय. दुसरा: न्यूझीलंडच्या व्हिसाचा सल्ला देणाऱ्याकडे परवाना लागतो किंवा वकिलांसारखी सूट लागते, मग तो ऑकलंडला बसलेला असो की नाशिकला. हा कायदा २००७ चा आहे. परवानाधारकांची यादी सगळ्यांना बघता येते. नाव टाका, दिसलं तर पुढे बोला. विद्यार्थी व्हिसाबाबत परदेशातल्या एजंटांना यातून सवलत आहे, आणि नेमका तिथेच गोंधळ होतो: कॉलेजात प्रवेश मिळवून देणारा माणूस नोकरी आणि कायमच्या वास्तव्याच्या गोष्टीही छातीठोकपणे सांगायला लागतो. प्रवेशापुरतं त्याचं ऐका, पुढचं दुसऱ्याला विचारा.

चटई

आता कामाबद्दल. हे सांगायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

न्यूझीलंडच्या बालशिक्षणाचा अभ्यासक्रम १९९६ साली आला आणि २०१७ मध्ये सुधारला गेला. त्याचं नाव 'ते फारिकी', म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या मावरी भाषेत विणलेली चटई. चार तत्त्वं आणि पाच धागे. मुलाचं स्वास्थ्य, आपलेपणा, त्याचा सहभाग, संवाद, शोध. हे धागे आडवे-उभे जातात, आणि प्रत्येक केंद्राने आपल्या मुलांसाठी आपली चटई विणायची. अमुक महिन्यात अक्षरं, तमुक महिन्यात वीसपर्यंत आकडे असं त्यात कुठेच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पानं उलटून उलटून 'सिलॅबस' शोधत होते.

पहिल्या महिन्यात मला एका मुलाबद्दल 'लर्निंग स्टोरी' लिहायला सांगितली. वायकाटो विद्यापीठातल्या मार्गारेट कार यांनी रुजवलेली ही पद्धत आहे: मुलाने काय केलं ते गोष्टीसारखं लिहायचं, त्यातून तो काय शिकतोय ते सांगायचं, आणि आपण पुढे काय करणार तेही. सोबत फोटो. घरचे ती वाचतात, उत्तर लिहितात. मी लिहून दिलं: "याला पाच रंग ओळखता येतात, कात्री नीट धरता येत नाही." माझी वरिष्ठ शिक्षिका वाचून म्हणाली, "यात तो कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी मी नुसती बघत बसले. तो तीन वर्षांचा मुलगा गमबुटात पाणी भरून वाळूच्या खड्ड्याकडे नेत होता. बुटाला टाचेशी भोक होतं. पोचेपर्यंत निम्मं पाणी सांडायचं. चार फेऱ्या झाल्यावर त्याने बूट उलटा करून भोक शोधलं, त्यावर बोट दाबलं आणि पळत सुटला. पळताना बोट निसटलं. मग त्याने चिखलाचा गोळा करून आतून लावला. पाऊण तास. मी जागची हलले नाही आणि एक शब्द बोलले नाही. शिक्षिका म्हणून गप्प बसणं मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं. ती गोष्ट त्याच्या आजोबांनी छापून भिंतीवर लावली.

इथे पावसात मुलं बाहेर असतात, अनवाणी चिखलात असतात, झाडावर असतात. पुण्यात डब्याच्या सुट्टीनंतर गणवेशावर डाग दिसला की पालकांचा फोन यायचा. इथे मूल स्वच्छ घरी गेलं तर आई विचारते, आज खेळला नाही का? असं असूनही सुरक्षेचे नियम काटेकोर आहेत. झोपलेल्या बाळांचा श्वास, ऊब आणि एकूण तब्येत दर पाच-दहा मिनिटांनी जाऊन बघायची. द्राक्षं उभी चार भागांत कापायची, अख्खे शेंगदाणे आणि पॉपकॉर्न बंद. डायपर प्रत्येक शिक्षिका बदलते, मदतनीस मावशी असा प्रकारच नाही. हे आधीच सांगते, कारण पदवी घेऊन आलेल्या काही जणींना तो धक्का सोसत नाही. बाळाचं अंग पुसताना त्याच्याशी केलेल्या गप्पा हाही इथे अभ्यासक्रमच आहे.

आणि हात उगारायचा नाही. शाळा आणि बालकेंद्रांतली शारीरिक शिक्षा इथे १९९० पासून कायद्याने बंद आहे. कोपऱ्यात एकटं कोंडणं, खाऊ न देणं, हात धरून जखडून बसवणं यांनाही मनाई. आपण मारत नसू, पण "खाऊ मिळणार नाही हं!" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलेलं असतं की ते गिळायला शिकावं लागतं.

मुलं शिक्षिकेला नावाने हाक मारतात. बाई नाही, टीचर नाही, ताई नाही. मला पहिले आठ दिवस वाईट वाटलं. मग एक मुलगी झोपेतून उठून माझं नाव पुटपुटत शोधत आली, आणि ते वाईट वाटणं तिथेच संपलं.

मावरी भाषेचं काय, असं पुष्कळ जणी घाबरून विचारतात. शिक्षकांच्या मानकांतलं पहिलंच मानक मावरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या १८४० च्या वाइतांगी कराराशी बांधिलकीचं आहे, त्यामुळे ही वरवरची सजावट नव्हे. जेवणाआधी कराकिया, म्हणजे प्रार्थना होते, गाण्यांना वाइआता म्हणतात, मुलं म्हणजे तामारिकी, कुटुंब म्हणजे फानाउ, आणि जेवण म्हणजे 'काई'. परवचा म्हणत, वदनी कवळ घेत वाढलेल्या माणसाला जेवणाआधी हात जोडून काही म्हणणं परकं वाटत नाही. स्वतःची ओळख करून देताना मावरी माणूस आधी आपला डोंगर आणि नदी सांगतो. बाहेरून आलेल्यांनी इथल्या डोंगरावर हक्क सांगायचा नसतो, आपण जिथे वाढलो ते सांगायचं. मी सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुठेच्या काठी वाढले, एवढं त्या भाषेत म्हणायला मला तीन आठवडे लागले. म्हणून झाल्यावर डोळे भरून आले.

मनात एक गोष्ट नेहमी येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम उभं केलं, पुढे कोसबाडला. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, पाला, शिंपले, माती हीच साधनं. अंगणवाडी हा शब्दच तिथला. गमबुटातल्या चिखलाची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नसती. आपण जे शिकायला इतक्या लांब येतो, त्याचा एक मोठा भाग पालघरच्या किनाऱ्यावर आधीच झालेला होता. म्हणून इथे येताना हात रिकामे आहेत असं समजू नका.

नोकरी हातात आली की

होकार देण्याआधी त्या केंद्राचा 'एज्युकेशन रिव्ह्यू ऑफिस'चा, म्हणजे केंद्रांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाचा अहवाल वाचा. प्रत्येक केंद्राचे अहवाल लोकांसाठी खुले असतात, आणि दोन पानं वाचून कळतं की माणसं टिकतात का. पगाराची पायरी कुठली, परदेशातली किती वर्षं धरणार, हे लेखी घ्या. किंडरगार्टनच्या शिक्षिकांचा सामूहिक करार आहे, खासगी केंद्रांत मात्र ते केंद्र सरकारच्या समान वेतन योजनेत सामील आहे का यावर बरंच अवलंबून. मार्गदर्शक शिक्षिका कोण असेल, हेही विचारा. सुरुवातीला शिकवण्याचं प्रमाणपत्र 'तोमुआ', म्हणजे तात्पुरतं असतं. साधारण दोन वर्षं कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली काम केल्यावर ते 'तूतुरू', म्हणजे पक्कं होतं. मार्गदर्शक देतो म्हणणारं आणि खरोखर दर आठवड्याला वेळ काढून देणारं केंद्र यांत फार फरक आहे.

पुढे ऑस्ट्रेलियाला जायचा विचार असेल, तर इथली नोंदणी तिकडे परस्पर मान्यतेच्या कायद्याने चालते. थेट भारतातून तिकडे जाणाऱ्या शिक्षिकांकडून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनात ७, आणि ऐकण्या-बोलण्यात तब्बल ८ मागितले गेलेले मी पाहिले आहेत. आकडा ऐकून जणी दचकतात. मला तो पटतो. तीन वर्षांचं मूल अर्धवट शब्दांत बोलतं, मुसमुसत बोलतं, आणि ते पहिल्या फटक्यात कळावं लागतं.

इथे मुलं साधारणपणे पाचव्या वाढदिवसाला शाळेत जातात, वर्षअखेरीला सगळी एकदम नाही. त्यामुळे केंद्रात निरोप सतत चालूच. गमबुटवाला मुलगा एका मंगळवारी पाच वर्षांचा झाला. आम्ही त्याच्यासाठी वाइआता म्हटली, त्याच्या सगळ्या गोष्टींची वही त्याच्या हातात दिली. त्याने मधलं एक पान उघडून मला दाखवलं, भोकावर बोट ठेवलं, आणि आजोबांचा हात धरून निघाला. बुधवारी त्याच्या खुंटीला दुसरी पिशवी होती.